जाणाऱ्याला हटकू नये

घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठे चालला’ असं विचारायचं नाही, हा आमच्या माहेरचा कायदा. विचारलं की त्याचं काम फसतं. अगदीच राहवलं नाही तर ‘लांब का?’ एवढंच म्हणायचं. निघणाऱ्यानंही ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं आणि पायात चपला सरकवायच्या. माझी आई या बाबतीत भलतीच कडक होती. एकदा एका पाहुण्यानं वडिलांना अंगणातच हटकलं, तर तिनं वडिलांना परत घरात आणलं, पाणी पाजलं, पाच मिनिटं खाटेवर बसवलं आणि मग पुन्हा सोडलं. पाहुण्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

मी स्वतः शकुन-अपशकुन मानत नाही. एकसष्ट वर्षांची झाले, मांजर आडवं गेलं तर मी मांजराची विचारपूस करून पुढे जाते. पण आईचा हा एक कायदा या वर्षी मी माझ्या घरात परत आणला, आणि तोही पोटच्या पोराशी भांडून. ते कसं झालं ते सांगते.

लहानपणी मी या कायद्याची परीक्षा घेतली होती. “विचारलं तर काम काहून फसते?” असं आईला विचारलं की ती म्हणायची, “तुले लयच काहून लागते वं! फसते म्हणजे फसते.” एवढ्यानं माझं कसं भागणार? एक दिवस वडील तहसीलला निघाले, तशी मी फाटकाआडून मुद्दाम ओरडले, “बाबा, कुठी चालले?” वडील गेले आणि दुपारच्या आत परत आले. कचेरीला सुट्टी होती. आईनं पाठीत असे धपाटे घातले की दोन दिवस उताणी झोपता येईना. पण एकदा करून काय कळतं? पुढच्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं. या वेळी वडील काम करून आले, वरून भजीही घेऊन आले. मी आईला म्हटलं, “पाह्य, काही फसलं नाही.” आई म्हणाली, “निघताना त्यायनं गूळ खाल्ला होता.” अशा बाईपुढे कोण जिंकणार?

लग्न होऊन नागपूरला आले. प्रताप नगरात घर झालं, मुलगा झाला, आणि बुटीबोरीच्या एका कापड कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. सव्वीस वर्षं केली. काम सोपं होतं. कापडाचा तुकडा धुवायचा, घासायचा, उन्हासारख्या दिव्याखाली ठेवायचा आणि रंग किती गेला ते पाहून लिहायचं. आमच्या साहेबांचा एक नियम होता. तुकडा कोणत्या यंत्रावरचा, कोणाच्या पाळीतला, हे त्यावर लिहायचं नाही. नुसता आकडा टाकायचा. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, नाव लिहिलं तर काय बिघडतं? ते म्हणाले, “नाव दिसलं की डोळा नावाकडे पाहतो, कापडाकडे नाही.” मला ते एकदम पटलं. आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदाच माझ्या काहूनला धड उत्तर दिलं होतं.

कारखान्याची बस सकाळी सव्वासातला चौकात यायची. मी खिडकी धरायची. वर्धा रोडनं जाताना दोन्ही बाजूंना फाटे लागतात. मुख्य रस्ता सोडून एक बारका रस्ता आत वळतो, थोडा सरळ जातो आणि बाभळींच्या मागे दिसेनासा होतो. सव्वीस वर्षं मी ते रस्ते नुसते सुरू होताना पाहिले. ते जातात कुठे, हे एकाचंही मला माहीत नव्हतं. बसमधल्या बायका म्हणायच्या, “काय असन तिथं? वावरच असन.” घरी नवराही तेच म्हणायचा. “अहो, पण कोणाचं? कशाचं? अन् त्याच्या पुढं काय?” “तुले काय करायचं हाय?” असं म्हणून तो पेपरात डोकं घालायचा. माणूस सोन्यासारखा होता, पण चौकशीचा किडा त्याला कधी चावलाच नाही. एक मात्र खरं, मी घराबाहेर पडताना त्यानंही मला कधी कुठे चालली म्हणून विचारलं नाही.

मी निवृत्त झाले, आणि वर्षाच्या आत तो गेला. सकाळी फिरायला गेला होता. मैदानातल्या बाकावर बसला, तो उठलाच नाही. खिशात फोन वाजत होता. मीच करत होते. मला वाटलं, कोणाशी गप्पा छाटत बसला असेल. जाणारे-येणारे समजले, काका डुलकी घेताहेत. दोन तास तो तिथं तसाच बसून होता. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं, त्रास झाला नाही. पण ते दोन तास माझ्या आणि मुलाच्या छातीवर धोंड्यासारखे बसले ते बसलेच.

मुलगा पुण्यात असतो. चौतीस वर्षांचा आहे, एकटाच राहतो, लग्नाचं नाव काढलं की विषय बदलतो. तेरवी झाल्यावर त्यानं माझा फोन हातात घेतला आणि नकाशात काहीतरी करून दिलं. “आता तू जिथं असशील तिथं तुझा ठिपका मला दिसेल, आणि माझा तुला.” खरं सांगते, तेव्हा मला फार बरं वाटलं. जेवायला बसले की ताटाशेजारी फोन ठेवायची. त्याचा ठिपका हापिसात असायचा, मग रस्त्यानं घरी यायचा. मी घास घेत घेत त्याला घरी पोचवायची. त्या दिवसांत मला तेवढीच सोबत होती.

मग एका मंगळवारी मी उठले, डबा भरला आणि शहर बसनं निघाले. पहिल्या फाट्यावर उतरले. बाभळींच्या मागे गेले. पुढे खरंच वावर होतं. नवऱ्याचंच खरं निघालं! मला तिथं रस्त्यात उभ्या उभ्या हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. पण त्या वावराच्या कडेला एक बाई सरकीच्या ढिगाजवळ बसली होती. तिनं मला पाणी दिलं, आणि आम्ही तासभर बोललो. कशाबद्दल बोललो ते विचारू नका. सगळ्याबद्दल बोललो. परत आले तेव्हा मला कित्येक महिन्यांनी कडकडून भूक लागली होती.

तेव्हापासून मंगळवार माझा झाला. दर मंगळवारी एक फाटा. एका फाट्यापुढे दोन खोल्यांची शाळा निघाली, एकापुढे शिंदीचे झाडू बांधणाऱ्यांचं गाव. एकापुढे काहीच नव्हतं, रस्ता नाल्यात उतरून संपला होता, तरी मी त्या नाल्याच्या काठी बसून डबा खाल्ला.

आणि फोन सुरू झाले. ठिपका नेहमीच्या वाटेवरून हलला की पाच मिनिटांत फोन. “आई, तू तिथं काय करून राहिली?” एरवी पुणेरी बोलणारं माझं पोरगं घाबरलं की नागपूरवर येतं. सुरुवातीला मी खरं सांगायची, की पाहायला आले. “काय पाहायला?” “ते पाहिल्यावर कळन नं!” हे उत्तर काही त्याला चालेना. मग मी कारणं सांगायला लागले. कोणाकडे तूप चांगलं मिळतं, कोण्या मैत्रिणीच्या जावेला बरं नाही. साठी ओलांडून मी खोटं बोलायला शिकले, बापा! पायात घुंगरू बांधून घराबाहेर सोडल्यासारखं झालं. जरा पाऊल टाकलं की पुण्यात वाजायचं.

मला याचा राग यायचा, आणि रागापेक्षा नवल जास्त वाटायचं. चौकात जेसीबी खड्डा खणत असला की पन्नास बाप्ये कामधंदे सोडून तासभर तोंड उघडं टाकून उभे राहतात. त्यांना कोणी विचारत नाही, बाबा रे, तू इथं कशाला आला? पण बाईमाणसानं नुसतं पाहायला जायचं म्हटलं की त्याला कारण पाहिजे. भाजी, बँक, देऊळ, दवाखाना, एवढ्याला परवानगी. पाहायची इच्छा झाली, हे कारण कोणाच्याच वहीत बसत नाही. आणि मला तर वाटतं माणसाला दुसरं खरं कारण नसतंच. बाकीची सगळी आपण मागून चिकटवतो, दुसऱ्याला दाखवायला.

मग या माघात तो नारळाचा प्रकार झाला.

बुटीबोरीच्या अलीकडे एक फाटा आहे, त्याच्या तोंडाशी मोडक्या पाणपोईचा ओटा आहे. तिथं उतरून अर्धा तास चालले. तूर निघून गेलेलं एक वावर होतं, बांधावर कडुनिंब, आणि त्याच्या शेजारी आटत आलेली जुनी विहीर. वावरात एक सत्तरीचा माणूस अनवाणी चालत होता, तळहातावर नारळ आडवा ठेवून. त्याच्या मागे वावराचा मालक आणि मालकाची बायको हात जोडून, पाय न वाजवता. मालकाला बोअर खणायचं होतं आणि हा माणूस पाणी पाहून देणारा होता. जमिनीखाली पाणी असलं की तळहातावरचा आडवा नारळ आपोआप उभा होतो, अशी त्याची विद्या. ऐकलं होतं मी, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आणि माझ्यासमोर तो नारळ उभा झाला हो! माणसाचं मनगट थरथरलं आणि नारळ शेंडी वर करून उभा. मालकानं त्या जागेवर दगड ठेवला.

“भाऊ, हे कसं होते जी?” मी विचारलं.

“मी नाही करत बाई, तो करते,” त्यानं नारळाकडे बोट केलं.

“पुन्हा करून दाखवता?”

त्यानं दाखवलं. आणखी दोनदा. प्रत्येक वेळी नारळ नेमका त्या दगडाजवळच उभा झाला. मालकानं माझ्याकडे पाहिलं, आता पटलं का, अशा थाटात. पण माझ्या डोक्यात साहेबांचा नियम टुणकन उभा झाला. दगड तर समोर दिसतो आहे! नमुन्यावर नाव लिहिलेलं आहे!

“भाऊ, राग मानू नका,” मी म्हटलं. “डोळे बांधून जमन का?”

मालक भडकला. “बाई, तुम्ही कोण? कुठून आल्या? आमच्या कामात मधातच काहून पडता?” म्हाताऱ्यानं हात वर करून त्याला गप्प केलं. थोडा वेळ तो आपल्या तळहाताकडेच पाहत राहिला. मग म्हणाला, “आजवर कोणी विचारलंच नाही. बांधा.” त्याची एकच अट होती. लोखंड, घड्याळ, मोबाईल काही जवळ नको. म्हणून मी फोन मुका केला, पर्समध्ये टाकला आणि पर्स विहिरीकाठच्या कडुनिंबाला अडकवून आले.

ओढणीची चौपदरी घडी करून मी त्याचे डोळे बांधले. त्याला जागेवरच तीनदा फिरवलं, आणि तो निघाला. दगडावरून गेला, नारळ हलला नाही. पुढे बांधाजवळ उभा झाला. आम्ही खूण केली. पुन्हा फिरवलं, पुन्हा चालवलं, तर नारळ तिसरीकडेच उभा. त्यालाच कळलं असावं, कारण त्यानं ओढणी सोडली, तिन्ही खुणा पाहिल्या आणि तो ढेकळावर बसला.

“चाळीस वर्सं झाली बाई,” तो म्हणाला. “मी डोळे उघडेच ठेवले.”

मला एकदम वाईट वाटलं. आपण कोण, कुठल्या, आणि एका म्हाताऱ्याची विद्या अशी भर वावरात उघडी पाडली. मी माफी मागणार, तर तो उठला आणि ओढणी माझ्यापुढे धरून म्हणाला, “अजून एकदा बांधा. मलेच पाहायचं हाय.” त्या क्षणी मला तो माणूस सख्ख्या भावासारखा वाटला. आम्ही पुन्हा पुन्हा केलं. तो हळूहळू चालायचा, मी मागून खुणा करायची. मालकाची बायको हात जोडायचं विसरून आमच्यासोबत काड्या रोवायला लागली. मालक तेवढा बांधावर बसून कुरकुरत होता, “तुम्ही हटकलं, म्हून पाणी पळालं.” किती वेळ गेला, कोणाला भान होतं?

तेवढ्यात धुरळा उडवत एक कार आली. कारमधून माझे शेजारी उतरले. त्यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. भर दुपारी दुकान टाकून, सोबत दुकानातला माणूस घेऊन ते धावत आले होते. घामानं डबडबलेले. मला पाहून ते जागीच थांबले. मी डोळे बांधलेल्या एका माणसाच्या मागे काड्या घेऊन चालत होते.

“वहिनी, बऱ्या हाय न तुम्ही?”

“मले काय झालं?” मी म्हटलं, आणि मला हसू फुटलं. मग त्यांच्या हातात दोर दिसला. जाडजूड, नवा, विहिरीत सोडायचा. त्यांनी तो चटकन पाठीमागे लपवला. माझं हसू तोंडातच राहिलं.

तीन तास माझा ठिपका विहिरीच्या काठावर होता. हलत नव्हता. मुलाचे एकवीस फोन येऊन गेले होते.

शेजाऱ्यांनी मुलाला फोन लावला. “सापडल्या, सापडल्या. हो. उभ्या हायेत. नाही नाही, वावरात हायेत. नारळ पाहून राहिल्या.” मग फोन माझ्या कानाला लावला. तो एवढंच म्हणाला, “तू घरी जा.” निघताना म्हाताऱ्यानं मला रिकाम्या हातानं नमस्कार केला, आणि ‘या बाई’ म्हणाला. मी कुठली, कशाला आले होते, हे त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाही. कारमध्ये दोर मागच्या सीटवर माझ्या शेजारी होता.

हटकलं म्हणून काम फसलं, हे त्या मालकाचं बोलणं कानात घुमत होतं, आणि मला आई आठवली. बाजाराच्या दिवशी दुपारी ती लुगडं बदलायची, पदर खोचायची, ‘येते’ म्हणायची आणि निघायची. परत यायची दिवेलागणीला, रिकाम्या हातानं. बाजार केलेला नसायचा. पण त्या संध्याकाळी ती ओरडायची नाही, भाकऱ्या थापताना गुणगुणायची. ती कुठे जायची? आमच्या घरात दहा माणसं होती, तिचे सासू-सासरे होते, आणि एकालाही तिला विचारायची सोय नव्हती, कारण काम फसतं! ती गेली, आणि आजही मला माहीत नाही. त्या कायद्यात अपशकुनाचं काही असेल-नसेल, पण त्या कायद्याआड माझ्या आईला महिन्यातून चार दुपारी मिळत होत्या. मी त्याची परीक्षा घेतली तेव्हा मला हे कुठे ठाऊक होतं? मी आपली भजी खात बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा विमानानं आला. बॅग खाली ठेवली नाही, तोच सुरू. “नारळ! तीन तास तू नारळ पाहून राहिली होती! मी तिथं मरून राहिलो अन् तू नारळ पाहून राहिली!”

“बस पहिले. चहा घे.”

“मले नको चहा. तू पुण्याला चल. हे घर देऊन टाकू भाड्यानं. बस झाले तुझे फाटे.”

“मी येणार नाही.”

“मग एकटी कुठी जायचं नाही.”

“मी जाणार.”

तो खुर्चीवर बसला. लहानपणी रडायचा तसा, बाहीनं नाक पुसत रडायला लागला. “मले विहीर दिसून राहिली होती आई. नकाशात गोल विहीर, अन् तिच्या काठावर तू. हलतच नव्हती. मले वाटलं, बाबा गेल्यापासून तू... मले वाटलं...” पुढचं त्याला बोलवेना.

मी त्याचं डोकं पोटाशी धरलं. मग ठरवलं की आता याच्याशी खोटं बोलायचं नाही.

“ऐक,” मी म्हटलं. “तुह्या बाबांनंतर पहिल्या वर्षी असं मन दोन-तीनदा होऊन गेलं. तुले नाही सांगितलं. पण एका मंगळवारी मी बसमध्ये बसली, अन् त्यानंतर नाही झालं. पुढच्या मंगळवारी कोणता फाटा, हे ठरवाले माणसाले जगा लागते राजा. तू मले ज्याच्यातून काढाले पाहून राहिला, त्यानंच मले काढलं हाय.”

मी गॅस लावला, चहा टाकला. त्याला सांगितलं, पुण्याला येणार नाही. मंगळवार सोडणार नाही. आणि तो ठिपका आज बंद. निघताना ‘येते’ म्हणून फोन करीन, घरी आले की ‘आली’ म्हणून करीन. पर्समध्ये तुझा नंबर लिहून ठेवीन. दिवेलागणीपर्यंत ‘आली’ आलं नाही, तर खुशाल शेजाऱ्यांना दोर घेऊन पाठव. पण मधात हटकायचं नाही.

“अन् बाबांसारखं झालं तर?”

“झालं तर होईल बेटा. पण तवापर्यंत मी कुठीतरी गेली असन.”

त्यानं चहा संपवला. मग फोन काढला, माझाही मागितला, आणि माझा ठिपका बंद केला.

“आता तुहाही कर,” मी म्हटलं.

“माझा राहू दे. तुला जेवताना बरं वाटतं. माझ्याजवळ लपवण्यासारखं काही नाही.”

“नसू दे. तरी कर.”

कारण मला सांगून टाकायला हवं होतं, पण जीभ रेटत नव्हती. मी काय धुतल्या तांदळासारखी होते? दर बुधवारी दुपारी चार ते पाच त्याचा ठिपका हापिस सोडून एका तळ्याकाठी जाऊन थांबतो, हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. नकाशात तिथं नाव नाही, नुसता हिरवा तुकडा आहे. कोणी मुलगी असेल का? दवाखाना तर नाही? की बापाच्या आठवणीनं एकटाच रडत बसतो? वरणभाताचा घास हातात धरून मी त्या हिरव्या तुकड्यावर बोटं फिरवत बसायची. ज्या गोष्टीचा मला राग येत होता, तीच मी त्याच्या बाबतीत करत होते. फरक एवढाच, की माझा फोन त्याच्या कानात वाजला नाही.

त्यानं माझ्याकडे बारीक नजरेनं पाहिलं. “बुधवारचं पाहिलं का तू?”

“पाहिलं.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“अन् विचारलं नाही? तू?” त्याला खरंच नवल वाटलं. सारं आयुष्य त्यानं मला दुधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारताना पाहिलं आहे. “काहून नाही विचारलं?”

“तू निघाला होता बेटा,” मी म्हटलं. “निघालेल्या माणसाले हटकू नाही.”

त्यानं ओठ उघडले, आता सांगतोच असं मला वाटलं, आणि माझा सगळा जीव कानात आला. मग त्यानं मान खाली घातली आणि आपला ठिपका बंद केला. मी कपबशा उचलून मोरीत नेल्या. जन्मभर काहून काहून करणाऱ्या बाईनं गिळलेला हा पहिला प्रश्न. तो पोटात अजून टोचतो. टोचू दे.

तो परत गेला, ‘येतो’ म्हणून. त्या दिवसापासून जेवताना ताटाशेजारी फोन नसतो. पहिले काही दिवस हात उगाच तिकडे जायचा.

पुढच्या मंगळवारी मी डबा भरला, पर्समध्ये चिठ्ठी टाकली आणि दारात चपला घालत होते. फोन करणार, तेवढ्यात त्याचाच आला.

“आई, निघाली का?”

“हो, येते.”

पलीकडे तो थांबला. प्रश्न त्याच्या घशापर्यंत आला होता, मला इथं नागपुरात कळत होतं. मीही थांबले.

“लांब का?” त्यानं विचारलं.

“लांबच.”

“बरं,” तो म्हणाला. “ये मग.”

मी दाराला कुलूप लावलं आणि निघाले.